केळीच्या पानाचा ब्रश आणि पेनाचा हरवलेला दाब

रावेर-यावल पट्ट्यातील केळीबागांवर मुलांसाठी एक चित्रपुस्तिका करण्याचे काम मी हाती घेतले आहे. केळीचे पान फाटते ते मधल्या दांड्यापासून कडेकडे जाणाऱ्या समांतर शिरांच्या रेषेत, आणि मे महिन्यात आपल्याकडे गरम वारा सुटला की धडधाकट पानाच्याही चिंध्या होतात. पानापानाची प्रत्येक चिंधी हाताने काढत बसणे परवडणारे नव्हते, म्हणून क्रिता या चित्रे काढण्याच्या मोफत व मुक्तस्रोत सॉफ्टवेअरमध्ये त्यासाठी स्वतंत्र ब्रश बनवण्याचे ठरवले.

ब्रशचे टोक चटकन तयार झाले. पांढऱ्या कॅनव्हासवर काळ्या रंगात पानाची एक फाटकी पट्टी काढली आणि एफ-५ दाबल्यावर उघडणाऱ्या ब्रश एडिटरमध्ये तिचाच ठसा घेतला. त्यात काळा भाग रंग देतो आणि पांढरा पारदर्शक राहतो. कॉम्प्युटरला जोडलेल्या टॅबलेटवर, म्हणजे चित्रे काढण्याच्या पाटीवर, तिचे पेन हलके टेकवले तर पट्टी अरुंद आणि जोर दिला तर रुंद उमटावी, यासाठी आकाराच्या पर्यायात पेनाचा दाब जोडला. प्रत्यक्षात मात्र कसेही दाबले तरी पट्टी एकाच रुंदीची येत होती.

येथून पुढे जी टोलवाटोलवी झाली, तिचा राग अजून गेलेला नाही. टॅबलेटच्या खोक्यावर दाबाच्या 8192 पातळ्या असल्याचे ठळक अक्षरांत छापले होते आणि मला त्यांतली एकही मिळत नव्हती. कंपनीच्या मदत क्रमांकावर बराच वेळ संगीत ऐकवल्यानंतर पलीकडून उत्तर येई, “सर, ड्रायव्हर काढून पुन्हा टाका.” (ड्रायव्हर म्हणजे टॅबलेट आणि कॉम्प्युटर यांची गाठ घालून देणारा छोटा प्रोग्राम.) तसे केल्याचे सांगितले की खरेदीचे बिल आणि खोक्याचा फोटो ईमेलने मागवला जाई आणि तो पाठवला की पुन्हा ड्रायव्हर काढण्याचाच सल्ला येई. जळगावच्या दुकानदाराने टॅबलेट स्वतःच्या कॉम्प्युटरला जोडून दाब व्यवस्थित चालत असल्याचे दाखवले आणि दोष माझ्या कॉम्प्युटरचा ठरवला. मदत क्रमांकावरच्या माणसाने तो सॉफ्टवेअरचा ठरवला. त्यात भर दुपारी वीज गेली की अर्धवट उतरलेला ड्रायव्हर पुन्हा पहिल्यापासून उतरवणे आलेच. ड्रायव्हर आणि सॉफ्टवेअर एकमेकांशी कोणत्या पद्धतीने बोलतात, एवढा एक प्रश्न या सर्वांपैकी कोणीही विचारला नाही.

विंडोजवर पेनाचा दाब सॉफ्टवेअरपर्यंत दोन मार्गांनी पोहोचतो: एक विनटॅब हा जुना मार्ग आणि दुसरा विंडोज इंक. ड्रायव्हर एका मार्गाने दाब पाठवत असेल आणि सॉफ्टवेअर दुसऱ्याकडे कान लावून बसले असेल, तर पेन केवळ माउससारखे चालते. बाण हलतो, रेघ उमटते, पण दाब येत नाही. क्रिताच्या सेटिंग्जमध्ये टॅबलेटच्या पानावर हा मार्ग निवडता येतो आणि तेथेच टॅबलेट तपासण्याची एक चौकट उघडते. त्या चौकटीत पेन फिरवल्यावर दाबाची टक्केवारी दिसली नाही आणि फक्त माउसच्या नोंदी आल्या, तर ब्रशच्या सेटिंगला हात लावण्यात काहीच अर्थ नाही. मी विनटॅबऐवजी विंडोज इंक निवडले, ड्रायव्हरच्या पॅनेलमध्येही त्याच नावापुढे खूण केली आणि क्रिता बंद करून पुन्हा सुरू केले. पुन्हा सुरू केल्याशिवाय हा बदल लागू होत नाही. पहिल्याच फटकाऱ्याला पट्टी बारीक सुरू होऊन रुंद होत गेली, तेव्हा मी घरातल्या सर्वांना ती पाहायला बोलावले; त्यांना त्यात विशेष काही दिसले नाही, तो भाग वेगळा.

माझा हात जड आहे, म्हणून सेटिंग्जच्या त्याच पानावर, हाताच्या किती जोराला किती दाब धरायचा हे ठरवणारी जी वक्ररेषा असते, ती मी खाली झुकवली. ज्यांचा हात हलका आहे त्यांनी ती वर उचलावी. बाकीच्या गोष्टी त्यामानाने किरकोळ आहेत. फिरवण्याच्या पर्यायात रेघेची दिशा निवडल्यास पट्ट्या हात वळेल तशा वळतात. दोन ठशांमधले अंतर फार कमी ठेवले तर चिंध्यांमधल्या फटी भरून जातात आणि पान पुन्हा अखंड दिसू लागते. ठसा घेण्याआधी तीन-चार वेगवेगळ्या पट्ट्या निरनिराळ्या लेयरवर, म्हणजे चित्राच्या एकावर एक असलेल्या थरांवर, काढून ठेवाव्यात आणि ठसा घेताना अ‍ॅनिमेटेड प्रकार व क्रमाची निवड यादृच्छिक ठेवावी, म्हणजे एकच पट्टी शेजारीशेजारी येऊन छापील कापडासारखे दिसत नाही.

ब्रश जतन करताना मूळ ब्रशवर न लिहिता नवीन प्रीसेट, म्हणजे सर्व सेटिंग्जसह तयार ब्रश, म्हणूनच जतन करावा. त्याची फाइल केपीपी या विस्ताराची असते आणि ती मुळात पीएनजी चित्रच असते. क्रिता ब्रश वगैरे जेथे साठवते त्या रिसोर्स फोल्डरमधून तिची एक प्रत पेन ड्राइव्हवर घेता येते. नंदुरबारच्या मावसभावाला मी तीच पाठवली आहे आणि सोबत टॅबलेट तपासण्याच्या त्या चौकटीचा स्क्रीनशॉटही जोडला आहे.