गॅस नंतर, आधी हवेची वाट: ३००डीच्या एसीची आतापर्यंतची मजल

आमच्या जुन्या डिझेल मर्सिडीजचा, म्हणजे डब्ल्यू१२३ ३००डीचा, डॅशबोर्ड परत बसला. एसीत गॅस अजून नाही, तरी दुपारी गाडी चालवणं आधीपेक्षा बरंच सुसह्य झालंय. जुन्या मर्सिडीज सांभाळणाऱ्यांना याचं नवल वाटणार नाही.

मिरज एमआयडीसीतले आमचे मेकॅनिक आबा पहिल्यापासून म्हणत होते, "गॅस कमी असंल बघा, भरून टाकू." एसी म्हटला की सांगली काय, सातारा काय, पहिला उतारा गॅसचाच. पण इथं कुठलंही बटण दाबा, हवा फक्त काचेवर जायची आणि भर एप्रिलमध्ये तीही गरम. यातली एकही तक्रार गॅसनं सुटणारी नव्हती.

हवा काचेवरच का? या गाडीत हवेची दिशा बदलणारे डॅशमागचे फ्लॅप पॉड हलवतात; पॉड म्हणजे व्हॅक्यूमच्या ओढीवर चालणाऱ्या छोट्या डब्या. प्रत्येक पॉडमध्ये रबरी डायफ्रॅम, म्हणजे पडदा. व्हॅक्यूम गेला की हवा डिफ्रॉस्टकडे, म्हणजे समोरच्या काचेकडे वळते, ती रचनाच तशी, म्हणजे बिघाड झाला तरी थंडीत समोरची काच धूसर राहू नये. डिझेलच्या इनटेकमधून पुरेसा व्हॅक्यूम मिळत नाही, म्हणून इंजिनाला वेगळा पंप असतो. ब्रेक बूस्टर, सेंट्रल लॉकिंग आणि इंजिन बंद करणारी यंत्रणा, सगळं त्याच्याच जिवावर. तेव्हा किल्ली काढूनही इंजिन धडधडत राहिलं, तर डिझेल पंपाला हात लावण्याआधी दारांतल्या लॉकच्या व्हॅक्यूम नळ्या कुठं गळतात का ते तपासा.

हातपंपानं एकेका नळीला पाऱ्याच्या १५ इंचांपर्यंत व्हॅक्यूम दिला आणि काट्यावर नजर ठेवली. मधल्या व्हेंटच्या पॉडवर काटा लगेच खाली, म्हणजे त्याचा डायफ्रॅम फाटलेला. डॅश उतरवण्याबद्दल फार लिहीत नाही: जुनं प्लास्टिक, सावकाश हात, भरपूर चहा. एवढं उघडलंच आहे तर सगळे पॉड बदलावेत, या मताचा मी आहे. एक फाटलाय म्हणजे बाकीचे त्याच वयाचे.

गरम हवेचं कारण मात्र बॉनेटखाली निघालं. हीटरला जाणारं कूलंटचं पाणी मोनोव्हॉल्व्ह अडवतो. त्याला वीज मिळाली की तो बंद, वीज नसली की उघडा. आतलं रबर फाटलं की वीज असूनही पाणी हीटरमध्ये शिरतं आणि थंड झालेली हवा तिथंच तापते. आमचं रबर चिरलेलं होतं. व्हॉल्व्ह न बदलता नुसता आतला भाग बदलला.

तरी आपण नशीबवान. १९८० पर्यंतच्या ऑटोमॅटिक एसीवाल्या डब्ल्यू१२३मध्ये क्रायस्लरकडून घेतलेला, तापमान आपोआप जुळवणारा सर्व्हो होता, त्याच्या पोटातूनच गरम कूलंट फिरायचं. तो गळला की पुढची रड वेगळीच. आणि १९४० च्या पॅकार्डमध्ये तर एसीच्या कॉम्प्रेसरला तो बंद-चालू करणारा क्लचच नव्हता; थंडीत नको असेल तर इंजिन थांबवून पट्टा काढायचा! त्यापुढे रोल्स-रॉइस कॅमार्ग, १९७५: डोक्याकडची आणि पायाकडची हवा वेगवेगळ्या तापमानाला, तीही आपोआप. 'क्लायमेट कंट्रोल' हे नाव शोभतं ते तिला.

परवा आष्ट्यापर्यंत चक्कर मारली. मधल्या व्हेंटमधून बाहेरचीच हवा, पण छातीवर, आणि तापलेली नाही. आबा शेजारी बसले होते. "आता भरू या का गॅस?" त्यांचं पालुपद कायम.

अजून नाही. ही सिस्टिम मुळात आर-१२ या जुन्या गॅसची. त्याऐवजी आर-१३४ए या नंतरच्या गॅसवर जायचं तर जुनं मिनरल तेल चालत नाही, ते त्या गॅसमध्ये विरघळत नाही. एस्टर तेल, नवे ओ-रिंग आणि ओलावा शोषणारा नवा ड्रायर लागेल. शिवाय आपल्याकडच्या उन्हात आर-१३४एचं प्रेशर चढतं आणि गॅसची उष्णता बाहेर टाकणारा जुना कंडेन्सर तिथं तोकडा पडतो. म्हणून जास्त उष्णता टाकणारा पॅरलल-फ्लो कंडेन्सर आणि दमदार पंखा आधी, गॅस त्यानंतर. रेडिएटरपुढच्या जागेचं माप घेऊन ठेवलंय. कुणी डब्ल्यू१२३मध्ये ब्रॅकेट न कापता असा कंडेन्सर बसवला असेल, तर कुठल्या मापाचा घेतला ते सांगा.