'डिस्टिंक्ट ऑन' आणि दिंडोरीचे प्लॉट

दिंडोरीकडच्या एका पॅकहाउसच्या द्राक्ष-सँपलच्या नोंदी मी दोन हंगाम सांभाळतेय. खाली पोस्टग्रेस हा डेटाबेस, वर त्यातली माहिती बघायला-भरायला लिब्रेऑफिस बेस हा प्रोग्राम. रोज सकाळी सुपरवायझर विचारतात, "ताई, कुठल्या प्लॉटची गोडी किती झालीये?" म्हणजे प्रत्येक प्लॉटचं सगळ्यात ताजं ब्रिक्स (रसातल्या साखरेचं माप), एका प्लॉटला एकच ओळ. काढणीची माणसं कुणाच्या बागेत पाठवायची, ते त्यावर ठरतं.

पोस्टग्रेसमध्ये हे काम 'डिस्टिंक्ट ऑन' करतं: प्लॉट सांगायचा, तारीख-वेळ उतरत्या क्रमाने लावायची, प्रत्येकाची पहिली ओळ मिळते. पण ही पोस्टग्रेसची स्वतःची भर; एसक्यूएल, म्हणजे डेटाबेसला प्रश्न (क्वेरी) विचारायची भाषा, तिच्या मानकात ती नाही. बेस क्वेरी आधी स्वतः वाचतं आणि त्या 'ऑन'पाशी अडतं. एसक्यूएल थेट डेटाबेसकडे पाठवायचं बटण आहे. ते दाबलं की क्वेरी चालते, पण कोलन लावून तारीख विचारायची सोय (पॅरामीटर) राहत नाही आणि क्वेरी चित्रातून जुळवायचा डिझाइन व्ह्यूही मिळत नाही. बेस क्वेरी आधी का वाचतं, ते मला पटतं. निकालातली ओळ कुठल्या टेबलात परत लिहायची, हे क्वेरी समजल्याशिवाय कळणार कसं?

अशा खास शब्दांची (कीवर्डची) यादी बेसला ड्रायव्हरकडून, म्हणजे डेटाबेसशी जोडणाऱ्या दुव्याकडून, मागता येईल; जेडीबीसी या जोडणीच्या पद्धतीत त्यासाठी 'गेटएसक्यूएलकीवर्ड्स' आहे. पण यादीवरून शब्द रंगवता येतो, तो कुठे बसतो ते कळत नाही. एसक्यूएल सर्व्हरचा 'टॉप' सिलेक्टला लागून, मायएसक्यूएलचा 'लिमिट' शेवटी. म्हणून मला वाटतं, बेसने न कळलेला भाग तसाच पुढे जाऊ द्यावा, फक्त पॅरामीटर ओळखावेत. त्याला सगळं व्याकरण लागत नाही. अवतरणातला मजकूर, कॉमेंट आणि पोस्टग्रेसचा दुहेरी कोलन (माहितीचा प्रकार बदलायची खूण) वगळता आला की बरंचसं भागतं.

तोवर मी पोस्टग्रेसमध्येच व्ह्यू, म्हणजे नाव देऊन साठवलेली क्वेरी, केलाय. बेसला तो साध्या टेबलासारखा दिसतो. आधी तारखेची अट बेसमधून व्ह्यूवर लावली होती, ती चुकली. १५ जानेवारीची स्थिती मागितली, तर २० तारखेला पुन्हा सँपल घेतलेले प्लॉट यादीतून गायब! व्ह्यूत त्यांची फक्त २० तारखेची ओळ उरलेली. अट 'डिस्टिंक्ट ऑन'च्या आधी लागायला हवी. मग तारखेसाठी 'गाळणी' नावाचं एका ओळीचं टेबल केलं आणि ते व्ह्यूच्या आत जोडलं. फॉर्ममध्ये तारीख बदलायची, रिफ्रेश करायचं.

दोघांनी एकाच वेळी तारीख बदलली की एकमेकांची यादी बिघडायची. आता 'गाळणी'त प्रत्येक लॉगिनची वेगळी ओळ आहे आणि व्ह्यू 'करंट यूजर' (आत्ता कोण लॉगिन आहे ते) बघून आपली ओळ उचलतो.