रंग जाणार नाही ना?

साताऱ्यात माझं कापडाचं दुकान आहे. हातमागाच्या चौकड्याचं ठाण उलगडलं की गिऱ्हाईक हमखास विचारतं, "रंग जाणार नाही ना हो याचा?" काही जण तर बोट ओलं करून काठावर घासूनही बघतात. मी म्हणतो, "जाईल की." कापडवाल्याच्या तोंडून असं ऐकायची सवय नसते, त्यामुळे पुढचा प्रश्न ठरलेला: "मग विकता कशाला?"

तुम्हीही परवा तेच विचारलंत म्हणून कॅप्टन नायरांचं सांगतो. मी त्यांना कधी भेटलेलो नाही. पण आमच्या धंद्यात हे नाव माहीत असावं लागतं.

सी. पी. कृष्णन नायर म्हणजे 'लीला' या आलिशान हॉटेलांच्या साखळीवाले. जन्म १९२२ चा, कण्णूरकडचा. तरुणपणी फौजेत गेले, तिथे वायरलेसचं काम बघत. लग्न झालं लीलाबाईंशी. सासऱ्यांचा हातमागाचा व्यवसाय. १९५०च्या दशकाच्या तोंडावर फौज सोडली आणि सासऱ्यांच्या कापडात शिरले. फौज सुटली, 'कॅप्टन' सुटलं नाही. शेवटपर्यंत सगळे त्यांना तसंच हाक मारत.

आता रंगाचं. १९५८ साली अमेरिकेचा एक कापड आयातदार मुंबईत त्यांच्याकडे आला. नायरांनी त्याला मद्रास चेक्स दाखवले: वनस्पतींच्या रंगात रंगवलेलं सूत, हातमागावरची वीण, नाकाशी धरलं तर रंगाचा आणि तिळाच्या तेलाचा वास. तो खूश झाला, माल उचलला. नायरांनी बजावलं, गार पाण्यात, हलक्या हातानं धुवायचं. हा रंग सुटतो. आयातदारानं पुढच्या दुकानाला, ब्रुक्स ब्रदर्सला, ते सांगितलंच नाही. तिथल्या साहेबांनी त्या कापडाची महागडी जॅकेटं घेतली, धुलाईयंत्रात टाकली आणि लाल, निळा, पिवळा, सगळे रंग एकमेकांत मिसळून बसले. तक्रारी, दावा लावायची धमकी, सगळं झालं. वायरलेसवर माणूस निरोप देतो आणि 'पोचला' असं पलीकडून ऐकेपर्यंत कान लावून बसतो. इथे निरोप मधल्या माणसापाशीच अडकला होता.

दुसरा कोणी असता तर माल परत घेतला असता, दोन वर्षं तोंड लपवलं असतं. नायर काय म्हणाले? रंग जातो हाच या कापडाचा गुण आहे. दर धुण्याला ते नवं होतं. 'सेव्हन्टीन' या अमेरिकन मासिकानं त्यावर मोठा लेख छापला आणि 'ब्लीडिंग मद्रास', म्हणजे रंग सोडणारं मद्रास, हे नाव तिकडे फॅशन झालं. 'रंग जाण्याची हमी' अशा जाहिराती निघाल्या! ही हकीकत नायर स्वतः सांगत, त्यामुळे थोडी रंगवलेलीही असेल. धंदेवाल्याची गोष्ट तेवढी वजा करूनच ऐकावी. पण साठच्या दशकात अमेरिकेतली कॉलेजची पोरं मद्रास चेक्सचे शर्ट घालून हिंडत होती, हे खरंच.

हॉटेलचं थोडक्यात. अंधेरीला सहारमध्ये त्यांचा कपड्यांचा कारखाना होता, घरही तिकडेच. शेजारी आंतरराष्ट्रीय विमानतळ झाला आणि ८६-८७ च्या सुमारास पहिलं लीला उभं राहिलं. तेव्हा हे पासष्टीला टेकले होते. आमच्याकडे त्या वयाचे फौजी पेन्शनचा दिवस मोजतात, आणि त्यांचं काही चुकतही नाही. नंतर गोव्यात मोबोरला, साळ नदीच्या मुखाशी दुसरं. २०१० मध्ये पद्मभूषण मिळालं, मे २०१४ मध्ये ते गेले. मागे कर्जाचा डोंगर होता. २०१९ मध्ये बंगळुरू, चेन्नई, दिल्ली आणि उदयपूरची हॉटेलं ब्रुकफील्ड या कॅनडाच्या गुंतवणूक कंपनीला ३,९५० कोटींना गेली. सहारचं मात्र जुन्या कंपनीकडेच राहिलं. कर्ज काढून महाल बांधायची त्यांची हौस मला पटत नाही. कापडातले नायर मला जास्त जवळचे वाटतात.

आमच्या भागात घराघरांत फौजी. निवृत्त होऊन आलेला माणूस कपडे शिवायला आला की गल्ल्यापाशी रेंगाळतो: "शेठ, एखादं दुकान टाकावं म्हणतो." मी त्याला नायरांचं हॉटेल सांगत नाही. गार पाण्याची गोष्ट सांगतो. मालात खोट असेल तर ती गिऱ्हाइकाच्या कानापर्यंत आपणच पोचवायची, मधल्याच्या भरवशावर सोडायची नाही.

मागच्या आठवड्यात एका सुभेदारांनी अडीच मीटर चौकडा नेला. बिलाच्या मागे मी लिहून दिलं: पहिलं पाणी गार, मूठभर मीठ, वेगळं भिजवा. ते वाचून म्हणाले, "आणि बायकोनं मशीनला टाकला तर?"

म्हटलं, "तर मला फोन करू नका. बनियन गुलाबी झालं तर तेही घालून मिरवा."