ठिणग्या आणि 'टक्'

आज पहिल्यांदाच मोटारींच्या कारखान्यातलं बॉडी शॉप, म्हणजे पत्रे जोडून गाडीचा सांगाडा बनवायचा विभाग, आतून पाहिलं. पाय दुखताहेत, पण डोळ्यांसमोरून ते दृश्य हलत नाही.

जाळीपलीकडे रोबोंचे आठ-दहा नारिंगी हात एकाच सांगाड्यावर वाकलेले. प्रत्येकाला सहा सांधे. एक खाली जातो, दुसरा अलगद बाजूला सरकतो, धक्का म्हणून नाही. वेल्डिंगचा चिमटा पत्रा दोन्हीकडून दाबतो, करंट सोडतो, ठिणगी उडते, की पुढचा टाका. एका गाडीला असे हजारो टाके! जाळीचं दार उघडलं तर सगळं जागच्या जागी थांबतं. त्यांना माणसाचं भान एवढंच.

या जमातीचा मूळपुरुष युनिमेट. १९६१ साली जनरल मोटर्सच्या न्यू जर्सीतल्या कारखान्यात तो कामाला लागला. साच्यातून निघालेले तापलेले भाग उचलायचं काम, म्हणजे कुणालाच नको असलेलं.

खरी गंमत मात्र असेंब्लीत, म्हणजे सांगाड्यात बाकीचे भाग बसवतात तिथे. वायरिंग म्हणजे तारांची लुळी जुडी, दर वेळी वेगळी पडणार. ती रोबोला सहजी झेपत नाही. एक मुलगी डॅशबोर्डखाली हात घालून, न बघता कनेक्टर बसवत होती. 'टक्' ऐकू आलं की पुढचा. टेस्लात अति ऑटोमेशन ही चूक होती, असं मस्कनं २०१८ मध्ये कबूल केलं होतं. ते तिथे उभं राहून पटलं.

सोबतच्या सुपरवायझरना विचारलं, पूर्वीचे वेल्डर कुठे गेले?

"काही रोबोंच्या मेंटेनन्सला आहेत."

बाकीच्यांचं विचारेपर्यंत ते पुढच्या शेडकडे वळले होते.