आमची वाटचाल: लग्नाच्या माळांपासून भरतीच्या खांबापर्यंत

आमचा मूळ धंदा लग्नाच्या माळांचा आणि गणपतीच्या मखरांच्या लायटिंगचा. हर्णै-दापोली भागात चतुर्थीआधी जेवायला फुरसत नसते, आणि १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद, तेव्हा आमचा गल्लाही बंदच म्हणायचा. त्या रिकामपणात दुकानाच्या माडीवर मुलींसाठी कोडिंगचा वर्ग काढला. स्क्रॅच या मुलांच्या कोडिंगच्या सॉफ्टवेअरमधली मांजर इकडून तिकडे पळवून झाली की मुली येईनाशा व्हायच्या. साहजिकच आहे. ती मांजर बघणार कोण?

मग वाचनात आलं की डिसेंबर २०१४ मध्ये गुगलच्या 'मेड विथ कोड' उपक्रमात अमेरिकेतल्या मुलींच्या कोडवर व्हाइट हाउसजवळच्या नाताळच्या झाडांचे दिवे लागले. अहो, लायटिंग तर आपलंच काम!

मुलींनी ठरवलं, बंदराच्या वाटेवर भरती-ओहोटी दाखवणारा दिव्यांचा खांब उभा करायचा. गणित एकीच्या घरातूनच आलं. तिचे आजोबा तिथीची पाऊणपट करून पूर्ण भरतीची वेळ सांगतात: चतुर्थीला ३, अष्टमीला ६. कोड लिहिला, चालवला. पण पौर्णिमेला उत्तर सव्वाअकरा आणि प्रतिपदेला एकदम पाऊण! "काका, पाणी एका रात्रीत दीड तास उडी मारतं होय?" तिने वहीत मांडलं: १५ तिथींत १२ तास सरकायचे, म्हणजे तिथीमागे ४८ मिनिटं, ४५ नव्हे. आजोबांना दाखवलं तर म्हणाले, "पुनवेला हिशेब कोण करतो गो? पुनवेची भरती बाराची, हे पोरासोरांना ठाऊक." कोडला मात्र ते सांगावं लागलं. पुढे टाइड टेबलाशी, म्हणजे भरती-ओहोटीच्या वेळांच्या तक्त्याशी, ताडून हर्णैच्या वेळेचा फरकही त्यात घातला.

वायरिंगही त्यांचंच. पूर्ण पांढऱ्या उजेडात रंग बदलणाऱ्या एका एलईडीला ६० मिलिअँपिअरपर्यंत करंट लागतो, १०० दिव्यांना ६ अँपिअर. तो आर्डुइनोतून, म्हणजे कोड चालवणाऱ्या छोट्या सर्किट बोर्डातून, ओढता येत नाही, ५ व्होल्टची वेगळी सप्लाय लागते. हे फळ्यावर कितीदा सांगितलं तरी हातात पाना-पक्कड आल्यावरच डोक्यात शिरतं.

खांबाखाली माणसं उभी राहून वाद घालू लागली तशी वर्गाला नवी नावं आली. प्रमाणपत्र आम्ही देत नाही, कोणी मागितलंही नाही.

आता त्रिपुरारी पौर्णिमेला दीपमाळांच्या लायटिंगची कामं येतात. कोडची मजुरी मी बिलात वेगळी लावतो आणि ती थेट मुलींच्या खात्यात जाते. एक गिऱ्हाईक म्हणालं, "पोरींच्या खेळाचे कसले पैसे?" त्यांना साध्या लुकलुकत्या माळा भाड्याने दिल्या.