आमची वाटचाल : कार्बोरेटर ते नारंगी केबल

आधीच सांगून टाकतो, आम्ही गाड्या विकत नाही आणि मॉडिफायही करत नाही. आम्ही लोकांच्या गाड्या सांभाळतो. म्हणजे मालक महिनोन्महिने गाडी बाहेर काढणार नसेल तर ती आमच्या शेडमध्ये राहते, आणि त्याने मागितली की पुसलेली, हवा चेक केलेली, एका स्टार्टरमध्ये सुरू होणारी अशी हातात द्यायची. ऐकायला वॉचमनचं काम वाटतं, मलाही आधी तसंच वाटायचं.

सुरू केलं तेव्हा आम्ही दोघंच, मी आणि काका. माझे सख्खे काका नाहीत, सगळेच त्यांना काका म्हणतात, निम्मं आयुष्य वेबर कंपनीचे कार्बोरेटर, म्हणजे जुन्या इंजिनात हवा-पेट्रोल मिसळणारे भाग, खोलण्यात गेलंय त्यांचं. मी हिशोब आणि गिऱ्हाईक बघायचो, ते गाड्या बघायचे. पहिली काही वर्षं आमच्याकडे फक्त जुन्याच गाड्या असायच्या कारण काकांचा नियमच होता, जे इंजिन मला कानाने कळत नाही ते मी घेणार नाही.

आता कानाने म्हणजे काय, तर आमच्याकडे एक लॅम्बोर्गिनी काउंटाश असायची, १९७४ पासून आलेली ती पहिली एलपी ४००, तिच्या व्ही१२ ला सहा वेबर कार्बोरेटर आणि प्रत्येकाला दोन तोंडं, म्हणजे बारा सिलिंडरला बारा नाकपुड्या. बाराही जणांनी सारखा श्वास घ्यायला पाहिजे नाहीतर इंजिन मिसिंग मारतं. काका रबराच्या नळीचं एक टोक कानात घालायचे, दुसरं एकेका तोंडाशी धरायचे आणि नुसता तो स्स्स आवाज ऐकायचे. एखादा जास्त बारीक आला की स्क्रू पाव आटा फिरवायचा, पुन्हा पहिल्यापासून सगळे ऐकायचे, कारण एक हलवला की बाकीच्यांचं पण बिनसतं. दीड-दोन तास हेच. आणि मग एका क्षणी इंजिनाची खडखड थांबून ते असं गुळगुळीत फिरायला लागायचं की काका काही न बोलता नळी गुंडाळून खिशात टाकायचे. माझा धंदा त्या नळीवर उभा होता असं म्हटलं तरी चालेल.

आम्ही सुरू केलं त्याच सुमाराला, २०१३ मध्ये, त्या तीन गाड्या आल्या, मॅक्लारेन पी१, पोर्शे ९१८ स्पायडर आणि लाफेरारी. तिन्ही हायब्रिड, म्हणजे पेट्रोल इंजिन आणि विजेची मोटर दोन्ही. आणि आमच्या शेडमधल्या खुर्च्यांवर भांडणं सुरू झाली. मालक लोक सुट्टीच्या दिवशी आपापली गाडी बघायला यायचे, बघून झाली की बसायचे, आणि एकदा विषय निघाला की दुपार गेलीच.

जुन्या पार्टीचं दैवत म्हणजे फेरारी एफ४०. १९८७ ची, २.९ लिटरचं ट्विन टर्बो व्ही८, ४७८ हॉर्सपॉवर, एबीएस नाही, पॉवर स्टिअरिंग नाही, आत कार्पेट नाही, दरवाजा आतून उघडायला हँडलसुद्धा नाही, एक वायर ओढायची. गाडी माणसाशी बोलते म्हणायचे. नव्या पार्टीतला एकजण लगेच ९१८ चा जर्मनीतल्या नुर्बुर्गरिंग रेस ट्रॅकचा टाइम काढायचा, २०१३ मध्ये ६ मिनिटं ५७ सेकंद, पोर्शेच्या म्हणण्याप्रमाणे सात मिनिटांच्या आत येणारी पहिली प्रॉडक्शन कार. बोलून काय करायचंय, मागे पडली ना तुमची, असं. त्यावर जुनी पार्टी वजन काढणार, एफ४० कोरडी, म्हणजे ऑइल-पेट्रोल न भरता, सुमारे ११०० किलो आणि लॅम्बोर्गिनीची आताची हायब्रिड रेवुएल्तो कोरडी १७७२ किलो, म्हणजे तुम्ही सोबत एक घोडा घेऊन फिरता. मग कोणीतरी मध्येच फर्डिनांड पोर्शेने १९०० च्या सुमारालाच पेट्रोल आणि वीज एकत्र करून गाडी बनवली होती ते सांगणार, आणि त्याचं कोणी ऐकणार नाही.

मी चहा द्यायचं काम करायचो पण मनातल्या मनात दोघांनाही शिव्या घालायचो, कारण दोन्ही पार्ट्या थोड्या थोड्या थापा मारतात. जुनी गाडी साधी असते हे तर मला कोणी सांगूच नये. एफ४० च्या पेट्रोलच्या टाक्या रबरी पिशव्यांच्या, त्या ठरावीक वर्षांनी बदलाव्याच लागतात. फेरारी टेस्टारोसाचा टायमिंग बेल्ट बदलायला अख्खं इंजिन खाली उतरवावं लागतं. पेट्रोल महिनोन्महिने पडून राहिलं की कार्बोरेटरच्या जेटमध्ये, म्हणजे पेट्रोलच्या बारीक भोकात, वार्निशसारखा चिकट थर बसतो, इथेनॉलवालं पेट्रोल जुन्या रबरी होजला खातं. आणि सगळ्यात आवडता सल्ला, आठवड्यातून एकदा चालू करून दोन मिनिटं ठेवायची! अहो दोन मिनिटांत इंजिन तापत नाही, ऑइलमध्ये पाणी आणि पेट्रोल उतरतं, सायलेन्सर आतून गंजतो. त्यापेक्षा न चालू केलेली बरी. चालवायची तर चांगली तापेपर्यंत चालवा नाहीतर हात लावू नका.

आणि नव्या पार्टीचं म्हणाल तर आमच्याकडच्या एकाही मालकाने गाडी कधी रिंगवर नेलेली नाही, मग त्या ६:५७ चं करायचं काय? पण एक गोष्ट त्यांची खरी आहे आणि ती मान्य करायला मला बरीच वर्षं लागली. ज्या बिगरटर्बो मोठ्या इंजिनासाठी जुनी पार्टी गळा काढते ते इंजिन आज बऱ्याच ठिकाणी हायब्रिडच्या खांद्यावर बसून जिवंत आहे. खालच्या आरपीएमला मोटर जोर लावते त्यामुळे इंजिनाला फक्त वरच्या आरपीएमसाठी ट्यून करता येतं. लाफेरारीचा व्ही१२ ९२५० आरपीएमपर्यंत फिरतो. रेवुएल्तोला तीन मोटर आहेत पण मागे ६.५ लिटरचा व्ही१२ आहेच. २०२४ मध्ये दाखवलेल्या बुगाटी तुर्बियोंला तर ८.३ लिटरचा व्ही१६, टर्बो नाही. बॅटरी काढून टाका म्हणणाऱ्यांना हे सांगितलं की ते गाडीच्या डिझाइनवर घसरतात.

असो. धंद्याचं सांगत होतो. आमच्या सगळ्यात जुन्या गिऱ्हाइकाने, तोच एफ४० वाला, खुर्चीवर बसून सगळ्यात जास्त बोलणारा, त्याने एक दिवस गुपचूप हायब्रिड घेतली. आणि आम्हाला म्हणाला दोन्ही तुमच्याकडेच ठेवतो. काका नाही म्हणाले. मीही काकांच्या मागे उभा राहिलो, तत्त्व वगैरे. त्याने शांतपणे दोन्ही गाड्या दुसरीकडे नेल्या, आणि पुढच्या काही महिन्यांत त्याच्या ओळखीतले अजून तिघं गेले. शेडमधली एक अख्खी रांग रिकामी झाली. रिकामी शेड किती मोठी दिसते ते तेव्हा कळलं.

मग मी हाय व्होल्टेजचं ट्रेनिंग घेतलं. शिकलो की नारंगी केबलला, म्हणजे मोठ्या बॅटरीच्या हाय व्होल्टेज वायरला, विचार केल्याशिवाय हात लावायचा नाही, बॅटरी तोडणारा सर्व्हिस प्लग काढला तरी लगेच खोलायचं नाही, कपॅसिटर रिकामे व्हायला सांगितलेली तेवढी मिनिटं थांबायचं आणि मग मीटर लावून शून्य बघायचंच, आणि काम करताना दुसरा माणूस जवळ पाहिजे, हातात इन्सुलेटेड हुक घेऊन, म्हणजे पहिला चिकटला तर ओढता येईल. हे सगळं काकांना सांगितलं तर त्यांनी पेपर वाचत हं केलं. पण मी रबरी हातमोजे काढले तेव्हा पेपर खाली आला. ते मोजे दरवेळी घालायच्या आधी तपासायचे असतात, तोंड गुंडाळून आत हवा कोंडायची, बोटं फुगवायची आणि कानाशी धरून कुठून हवा सुटते का ऐकायचं, एवढंसं भोक असलं तरी मोजा बाद. काकांनी माझ्या हातातून घेतला, गुंडाळला, कानाला लावला, डोळे मिटले आणि म्हणाले, "अंगठ्याच्या मुळाशी सुटतोय." मला काही ऐकू आलं नव्हतं. पाण्यात बुडवून बघितलं तर तिथूनच बुडबुडे. त्या दिवसापासून मोजे तपासायचं काम त्यांचं, आणि हायब्रिड घेत नाही हा नियम पुन्हा कोणी काढला नाही.

हायब्रिड घ्यायला लागल्यावर पहिल्या वर्षीच माती खाल्ली ती पण सांगतो. आमच्या शेडमधल्या पोराने व्हॅक्यूम लावायला एका हायब्रिडच्या चार्जरचा प्लग काढला आणि परत लावायला विसरला. मोठी बॅटरी लांबच राहिली, साधी १२ व्होल्टची उतरली, आणि या गाड्या बंद असल्या तरी आत काही ना काही जागं असतंच. तीन आठवड्यांनी बघतो तर दरवाजा उघडेना, कारण लॅच विजेवर. इमर्जन्सी केबल शोधून उघडला, १२ व्होल्ट चार्ज केली, तर डॅशबोर्डवर वॉर्निंगची दिवाळी, आणि त्या घालवायला कंपनीचाच लॅपटॉप पाहिजे. तो येईपर्यंत चार दिवस गाडी तशीच. मालकाला मी स्वतःच फोन करून सांगितलं, चूक आमची आहे. तो पाच सेकंद गप्प होता, फार मोठे वाटले ते.

त्याच आठवड्यात पलीकडच्या रांगेतली एक जुनी गाडी पाच महिन्यांनी काढायची होती. काकांनी बॅटरीचा कटऑफ फिरवला, चावी दिली, पेट्रोल पंप टकटकटक वाजायला लागला, कार्बोरेटर भरत आले तशी टकटक हळू झाली, थांबली, मग स्टार्टर. दुसऱ्या फेरीत चालू. काकांनी माझ्याकडे बघितलं नाही, ते त्यांनी मुद्दाम केलं.

मला विचाराल तर हे भांडण आवाजाचं नाहीच, स्पीडचं तर नाहीच नाही. तीस वर्षांनी ही गाडी कोण उघडणार, एवढंच आहे ते. कार्बोरेटरचं जेट लेथवर बनवता येतं, होज मिळते, ऑइल सील मापाने शोधता येतं. बॅटरी पॅक आणि त्याचं सॉफ्टवेअर मात्र कंपनीच्या हातात, तिने लक्ष काढून घेतलं तर मालक काय करणार? हे मी एकदा खुर्च्यांवर बोललो तर मला वाटलं काका दुजोरा देतील, ते म्हणाले, "कार्बोरेटरच्या जागी इंजेक्शन आलं तेव्हा मी पण हेच बोललो होतो, आता पोरं ते कंट्रोल बॉक्स उघडून दुरुस्त करतात." झालं, माझी गाडी पंक्चर.

आता शेडमध्ये डावीकडे ऑइलचे ट्रे आहेत आणि उजवीकडे चार्जर, प्लगवर लाल टेप, सकाळ-संध्याकाळ वहीत सही. तो एफ४० वाला परत आला, दोन्ही गाड्या घेऊन. जुन्या गाड्यांपेक्षा हायब्रिड जास्त झाल्यात, मोकळा तास मात्र डावीकडेच जातो. सध्या फेरारीची हायब्रिड एसएफ९० आहे एक, तिच्या गिअरबॉक्समध्ये रिव्हर्स गिअरच नाही, पुढच्या मोटर उलट्या फिरवून ती मागे येते. ती रांगेतून काढायची असली की काका मला बसूच देत नाहीत. स्वतः बसतात, काच खाली करतात आणि इंजिन बंदच ठेवून हळूहळू मागे येतात, फक्त टायरखाली खडे करकरतात, आणि मला ओरडून विचारतात, "ऐकू येतंय का रे काही?"