बर्फात मधपेट्या, आणि मी शेडमध्ये

घरून फोन आला की हल्ली एकच प्रश्न, एवढ्या बर्फात तुझ्या माश्या जगतात तरी कशा आणि तू दिवसभर करतेस काय? तर आज सगळं सांगते.

माश्या झोपत वगैरे नाहीत. थंडी वाढली की सगळ्या मिळून राणीभोवती घट्ट गोळा करतात आणि पंख न हलवता उडायचे स्नायू नुसते थरथरवत ऊब तयार करतात, बाहेरच्या हळूहळू आत, आतल्या बाहेर, असं महिनोन् महिने चालू. उन्हाळ्यातली कामकरी माशी ५-६ आठवडे जगते पण थंडीच्या तोंडावर जन्मलेली अंगात चरबी साठवून ६ महिनेही काढते. नरांना मात्र त्याआधीच पेटीबाहेर हाकलून देतात.

आता पेटी उघडायची नाही, गोळा विस्कटला की गारठून मरतात. मागून जरा उचलून वजनाचा अंदाज घ्यायचा (कडक थंडीत एका वसाहतीला २५ ते ४० किलो मध लागतो) आणि कान लावून हलकीच टिचकी मारायची. भुर्रकन आवाज उठून लगेच शांत झाला की मला बरं वाटतं.

खरं सांगू का, थंडीपेक्षा ओल जास्त वाईट. माश्यांची गरम वाफ वर जाते, गार झाकणाला लागून पाणी होतं आणि तेच थेंब त्यांच्या अंगावर. म्हणून झाकणाखाली जाड इन्सुलेशन, वर हवेला छोटी वाट आणि पेटी किंचित पुढे कललेली. दाराला उंदरांची जाळी, आणि दारात साठलेल्या मेलेल्या माश्या काडीने ओढून काढायच्या, नाहीतर वाट बुजते.

अजून एक, व्हरोआ, माश्यांच्या अंगावर जगणारी बारीक गोचीड. ती पोळ्याच्या बंद घरातल्या पिलाव्यात (वाढणाऱ्या पिल्लांत) लपते, तिथे बहुतेक औषधं पोचत नाहीत. ऐन हिवाळ्यात पिलावा नसतो, सगळ्या गोचिडी माश्यांच्या अंगावरच असतात, म्हणून ऑक्झॅलिक अॅसिड द्यायची हीच वेळ. हातमोजे आणि मास्क लावूनच हं, ते फुप्फुसाला फार वाईट.

बाकी दिवस शेडमध्ये. जुन्या फ्रेमा (माश्या पोळं बांधतात त्या लाकडी चौकटी) खरवडायला थंडीसारखा सीझन नाही, उन्हाळ्यात बोटांना चिकटणारं प्रोपोलिस, म्हणजे माश्यांनी झाडांच्या चिकापासून केलेला डिंक, आता काचेसारखं तडकून पडतं, स्क्रेपर लावला की टक्! रिकामी पोळी गारठ्यातच ठेवते, मेणकिड्यांची अंडीसुद्धा मरतात. मग नवीन फ्रेमा ठोकायच्या, तार ताणायची, बॅटरीचा करंट देऊन तार गरम केली की मेणपत्र्यात अलगद रुतते. माप चुकवून चालत नाही, फटी ६ ते ९ मिलीमीटरच हव्यात, कमी असली तर माश्या ती प्रोपोलिसने लिंपतात, जास्त असली तर तिथेच वेडंवाकडं पोळं बांधतात. अमेरिकेतल्या लँगस्ट्रॉथ नावाच्या मधपाळाने १८५१ मध्ये हे हेरलं आणि आजच्या पेट्या त्याच हिशोबावर चालतात, मला याचं अजून अप्रूप वाटतं.

एखाद्या उन्हाच्या दुपारी माश्या बाहेर येऊन पोट साफ करून जातात, बर्फावर पिवळे ठिपके दिसतात. ते ठिपके बघून मी खरंच खूश होते, आत सगळं ठीक आहे.

उपासमारीची भीती हिवाळा संपता संपता जास्त. दिवस मोठे व्हायला लागले की बाहेर बर्फ असतानाच राणी अंडी घालू लागते, मग पिलाव्यासाठी आत ३४-३५ अंश राखावे लागतात आणि मध भराभर संपतो, कधी तर मध दोन फ्रेमा पलीकडे असतो पण गारठ्यात तिथवर जाता येत नाही. आपल्याकडे पावसाळ्यात साखरेचा पाक देतात तसा इथे आत्ता चालत नाही, ओल वाढते, म्हणून कोरडी साखर किंवा फाँडंट (साखरेचा घट्ट लगदा) बरोब्बर गोळ्याच्या वर ठेवायचं.

आणि एकदा फुलं आली की वसाहत इतकी भराभर वाढते की जागा कमी पडली तर जुनी राणी अर्ध्याहून जास्त माश्या घेऊन उडून जाते, तेव्हा फ्रेमा ठोकत बसायला वेळ कुठला! त्यामुळे मधकोठ्या (मधासाठी वर चढवायच्या पेट्या) रंगवून, फ्रेमा भरून आत्ताच रचून ठेवतेय. रंग फक्त बाहेरून, आतलं लाकूड कोरंच.